तोंडी बजावणी होत नाही

मला पूर्ण नावानं हाक मारणारी माणसं माझ्या आयुष्यात दोनच. एक शाळेत हजेरी घेणारे गुरुजी आणि दुसरे अणदूरचे माझे घरमालक. गुरुजी निदान दिवसातून एकदाच पुकारायचे. घरमालक चहा झाला म्हणून, नळाला पाणी आलं म्हणून, लाइटबिल आलं म्हणून माझ्या खोलीसमोर ताठ उभे राहायचे आणि माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, "राहणार सास्तूर, तालुका लोहारा" असं सगळं खणखणीत आवाजात म्हणायचे. तीन वेळा. पहिल्याच हाकेला मी दार उघडलं तरी उरलेल्या दोन हाका ते सोडायचे नाहीत. मी टॉवेल गुंडाळून समोर उभा, आणि ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत मलाच पुकारतायत. तिसरी हाक संपली की मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "हजर? बरं. पाणी आलंय."

तालुक्याच्या कोर्टात ते बेलीफ होते. समन्स वाटणं, नोटिसा दारावर डकवणं, जप्तीला जाणं, एकाच्या घराचा ताबा दुसऱ्याला देणं, यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात, हे कोर्टाची भाषाच घेऊन आले. जेवताना बायकोला, म्हणजे काकूंना म्हणायचे, "सदरहू आमटीत मीठ मिळून आलं न्हाय." काकूंचं आयुष्य अंगणवाडीत गेलेलं. त्या जागच्या न हलता म्हणायच्या, "मग करा पंचनामा. मिठाचा डबा तितंच हाय."

कुणाच्या हातात काहीही दिलं की समोरच्यानं "मिळालं" म्हटल्याशिवाय ते हलायचे नाहीत. मग ती शेंगाचटणीची वाटी असो की खोलीची किल्ली. एकदा मी नुसती मान हलवली तर चटणी परत घेऊन गेले. दर रविवारी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून डब्यात भरून ठेवायचे. नोटिसा संपल्या होत्या, पण डकवायची सवय संपली नव्हती. म्हणून नळाच्या वेळा, गॅसवाल्याचा नंबर, खोलीचे नियम असं काहीबाही दारांवर डकवत राहायचे. माझ्या दारावर सात नियम होते. सातवा असा: 'इसमाने फोन वाजत ठेवू नये.'

तो खास माझ्यासाठी होता, आणि पाळणं माझ्या हातात नव्हतं.

पुण्यात एका कंपनीत होतो तेव्हा बँकेनं मला क्रेडिट कार्ड दिलं. दिलं म्हणजे मागं लागून गळ्यात मारलं. त्या कार्डावर मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, कारण त्यात ना दवाखाना आहे ना शिक्षण. सास्तूरच्या घरी फ्रिज पाठवला. आईला वॉशिंग मशीन घेतलं. बहिणीच्या लग्नात भाऊ म्हणून ऐपतीबाहेर मिरवलो. वडिलांची पिठाची गिरणी आहे. दळायला आलेल्या बायांना ते फ्रिजमधलं गार पाणी द्यायचे आणि सांगायचे, "पोरानं पगारातून घेतलंय." मी कधी ते दुरुस्त केलं नाही. मग कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मी गेलो. कमीत कमी रक्कम भरत राहिलो, पुढं तीही जमेना, आणि व्याज, दंड, पुन्हा व्याज असं होत मूळ दीड लाखाचे सव्वादोन झाले. जळकोटजवळच्या एका खाजगी कॉलेजात मी कारकुनीला लागलो आणि अणदूरला खोली घेतली. पुण्यातल्या कुणालाच पत्ता दिला नाही. सरळ सांगायचं तर मी लपलो होतो. वडिलांना हे कळलं असतं तर त्यांच्या दारात उभं राहायची माझी हिंमत झाली नसती, आणि सगळी लपालपी तेवढ्या एका भीतीपोटी होती.

खोली मागायला गेलो तेव्हा मालकांनी गाव विचारलं. मी सास्तूर सांगितलं.

"भूकंपाच्या आदीचं एक समन्स माझ्या बॅगंत ऱ्हायलं होतं," ते म्हणाले. "तारीख जवळ आली म्हणून घेऊन गेलो. दार हुडकायलो तर दार न्हाय, इचारायला माणूस न्हाय. दगडाच्या ढिगावर कागद डकवता येत न्हाय. रिपोर्टात लिवलं, 'दार मिळून आले नाही.' नाझर, म्हंजी आमचा साहेब, म्हणला आसला रिपोर्ट चालत न्हाय. म्या म्हणलो, तुमी जाऊन बगा."

मी भूकंपानंतरचा, पत्र्याच्या शेडात जन्मलेला. मला ते गाव फक्त ऐकून माहीत. पण सास्तूर म्हटल्याबरोबर खोली मिळाली, हे खरं. भाडंसुद्धा त्यांनी नाही, काकूंनी सांगितलं.

मी सकाळी राम राम म्हणायचो, ते जयभीम म्हणायचे. आठवड्यातून चार दिवस मी त्यांच्याच घरी जेवायचो. वडिलांनी फोनवर "मालक कोण हायती?" म्हणून विचारलं तेव्हा मी "कोर्टातले रिटायर साहेब हायेत" एवढंच सांगितलं. आडनाव सांगितलं नाही. आम्ही मराठा. घरी काय म्हणतील ते माहीत नव्हतं, आणि एक गोष्ट लपवणाऱ्याला दुसरी लपवायला जड जात नाही.

फोन सकाळी आठला सुरू व्हायचे. पहिला एका मुलीचा, गोड आवाजात. दुपारचे 'लीगल'वाले, ते इंग्रजीत घाबरवायचे. आणि चारच्या पुढं एक घोगरा माणूस. रोज नवं आडनाव सांगायचा, आवाज तोच. आधी "सर" म्हणायचा, मग "ए", मग आईवरून. एक नंबर बंद केला की दुसऱ्या नंबरवरून. माझ्या पुण्यातल्या मित्रांना, जुन्या साहेबांना, आतेभावालाही फोन गेले होते. आता फक्त गिरणी उरली होती.  कॉलेजात फोन मी फायलींच्या कपाटात ठेवायचो, आणि कपाट थरथरायचं.

एका रविवारी मी अंघोळीला गेलो आणि फोन अंगणातल्या कट्ट्यावर राहिला. वाजायला लागला. बाथरूमच्या दारातून मी बघतो तर मालकांनी तो उचललेला. फोनवर ते कधी बसून बोलायचे नाहीत. उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "हजर."

पलीकडं घोगराच होता, रविवारी तो सकाळीच सुरू व्हायचा. आवाज मला तिथवर ऐकू येत होता.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," मालक म्हणाले. "वडलांचं? वय? धंदा? राहणार?"

घोगऱ्यानं शिवी दिली.

"शिवी लिवून घेतली. दहा वाजून पाच मिन्टं. पुढं?"

आता तो ओरडायला लागला. पोलीस घेऊन येतो, गावात बोर्ड लावतो, असं काय काय.

"आवो, कागद हाय का तुमच्यापाशी?" मालक शांतपणे म्हणाले. "न्हाय ना? तोंडी बजावणी होत न्हाय. कागद पाठवा. पत्ता लिवून घ्या."

आणि मी तोंडाला साबण लावून उभा असताना त्यांनी माझं नाव, त्यांचं नाव, गल्ली, मंदिराकडून येणारा रस्ता, गाव, तालुका, पिनकोड सगळं सावकाश सांगितलं. पिनकोड दोनदा. मी तसाच बाहेर धावलो, पण तोवर फोन ठेवला होता.

"काका, काय केलंत हे? मी इथं आहे हे त्यांना माहीत नव्हतं!"

"मग कागद येणार कुठं?" त्यांनी मलाच विचारलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडून होतो. मला वाचवणारा कुणीतरी हवा होता, आणि हे वसुलीवाल्यांना पिनकोड देत होते. पण त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. दुपारी चारला ते माझ्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. मी कॉलेजातून आलो की हात पुढं करायचे. मी फोन द्यायचो. घोगऱ्याचा फोन आला की उभे राहून, "हजर. कागद?" एवढंच. तो शिव्या द्यायचा, हे वेळ लिहायचे. मी आत गोधडीत तोंड खुपसून ऐकत असायचो.

गावात त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोलायचं नाही, पण त्यांच्या ओट्यावर कुणी बसायचंही नाही. ते रस्त्यानं निघाले की बोलणारे लोक जरा थांबायचे. बेलीफ दारात येणं म्हणजे काय, ते चार-पाच गावांनी बत्तीस वर्षं पाहिलेलं. जप्तीला गेलेल्या घरात ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. काकूंनी एकदा मला जळकोटची गोष्ट सांगितली. एका घरातून लोखंडी कपाट उचलायचं होतं. घरची बाई म्हणाली, आतले कपडे काढू द्या. काढा म्हणाले. ती एकेक कपडा काढून घडी घालायला लागली. सावकाराचा माणूस तणतणला, पण हे घड्याळ बघत उभे राहिले. तासभर. रिपोर्टात लिहिलं, 'विलंबाचे कारण: घड्या घालणे.' साहेबांनी मेमो दिला. मेमो त्यांनी घेतला, आणि "मिळाला" म्हणाले.

"आयुष्यात खोटी नोंद न्हाय केली ह्या माणसानं," काकू म्हणाल्या. "त्यापायी बढती गेली, तरीबी न्हाय." त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं की तक्रार, ते मला कळलं नाही.

पिनकोड दिल्यावर जे व्हायचं तेच झालं. पण आधी कागद आला नाही, माणसं आली. गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. दुपारी मोटारसायकलवरून दोघं उतरले आणि रस्त्यावरूनच माझ्या नावानं ओरडायला लागले. मी दाराला आतून कडी घातली आणि खिडकीच्या फटीशी भिंतीला पाठ लावून बसलो. 

मालक पांढरा शर्ट घालूनच बाहेर आले.

"ओळखपत्र?"

"म्हाताऱ्या, तू मधी येऊ नको."

"बँकेचं अधिकारपत्र? न्हाय? बरं." त्यांनी समोरच्या सलूनवाल्याला हाक मारली, काकूंना बोलावलं आणि दोघांना पंच केलं. मग कट्ट्यावर वही ठेवून लिहायला लागले, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लागले. "समक्ष पंच असे की, आज रोजी दुपारी तीन वाजता दोन अनोळखी इसम सदर घरासमोर मिळून आले. त्यांच्या अंगावर ओळखपत्र मिळून आले नाही. पैकी एका इसमाच्या पायात चप्पल वेगवेगळी आहे."

गल्लीत कुणीतरी हसलं. त्या माणसानं खाली पायाकडं बघितलं असावं, कारण त्याचं ओरडणं थांबलं. मला वाटलं, गेले आता. तेवढ्यात घोगरा आवाज माझ्या खिडकीशी आला. फोनमधला तोच आवाज, आता हातभर अंतरावर.

"ऐकतोयस ना? सास्तूरला तुझ्या बापाची गिरणी हाय. सोमवारी जाऊन बसतो गिरणीत. दळायला येणाऱ्या बायांना सांगतो, फ्रिज कुणाच्या पैशाचा हाय ते."

मोटारसायकल गेली. मालकांनी पंचनामा पुरा केला, पंचांच्या सह्या घेतल्या. मी कडी काढली नाही. सोमवारला चार दिवस होते.

शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजातून आलो तर ते दारातच उभे. तीन वेळा पुकारा केला आणि एक कागद पुढं धरला. लोकअदालतीची नोटीस होती. बँकेनं माझं प्रकरण तडजोडीसाठी ठेवलं होतं, पंधरा दिवसांनी, तुळजापूरच्या कोर्टात.

"मिळाली म्हणा."

"कुणी घेतली ही?"

"नवा बेलीफ आला होता दुपारी. तुमी न्हवता. स्थळप्रतीवर, म्हंजी कोर्टात माघारी जाती त्या प्रतीवर, म्या सही केली."

"तुम्ही कसं घेऊ शकता? मालकानं घेऊन चालतं?"

"मालकानं घेऊन चालत न्हाय," ते म्हणाले. "घरच्या सज्ञान माणसानं घेतली तरच बजावणी होती. न्हायतर कागद माघारी जातो." मग जरा थांबून म्हणाले, "नात्याच्या रकान्यात चुलता लिवलं."

मला आधी समजेना. कागद परत पाठवता आला असता. 'इसम मिळून आला नाही' एवढं लिहिलं असतं की महिनाभर उसंत मिळाली असती. ज्यानं जन्मात खोटी नोंद केली नाही, त्यानं ती नेमकी माझ्या गळ्याला फास लावायला करावी?

"मला विचारलं तरी का?"

"इचारलं आसतं तर तुमी नको म्हणला आसता. मग फोन चालूच ऱ्हायले आसते. फोनला दार नसतंय. कागदाला तारीख आसती. टेबल आसतंय, म्होरं बसून बोलायला माणूस आसतो."

ते बोलत होते ते सगळं खरं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त सोमवार होता. मी जे बोललो ते इथं लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

"तुम्ही माझे कोण लागता?" मी ओरडलो. "चुलता लिहिताना निदान आडनाव तरी बघायचं होतं!"

काकू आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. मालकांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. "तारीख पंधरा दिवसांनी हाय. ध्यानात ठेवा," असं म्हणून ते आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं आणि गेलं, पण माझ्या दारात पुकारा झाला नाही.

त्या सकाळी मी बॅग भरली. हैदराबादला एक ओळखीचा होता, त्याच्याकडं जायचं, सिमकार्ड फेकून द्यायचं आणि गावाचं नावच काढायचं नाही, असं ठरवलं. घोगरा गिरणीत बसेल तेव्हा मी तिथं नसेन. मागं वडिलांचं काय होईल, हा विचार मी करत नव्हतो. करायचाच नाही, असं ठरवून टाकलं होतं.

अणदूरच्या फाट्यावर दुपारी ऊन मी म्हणत होतं. हायवेवरून ट्रक सुसाट जात होते. हैदराबादकडं जाणारी बस आली, थांबली. मी पायरीवर पाय ठेवला आणि रस्त्याच्या पलीकडून माझं नाव ऐकू आलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, राहणार सास्तूर, तालुका लोहारा.

पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, कातडी बॅग खांद्याला. ट्रक मधून गेला, ते दिसेनासे झाले. ट्रक गेल्यावर तिथंच उभे, आणि दुसरा पुकारा. फाट्यावरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "तुमालाच बलिवतेत का हो?" कुणीतरी फिदीफिदी हसलं. माझ्या वडिलांचं नाव असं हायवेवर कुणी पुकारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला. मी पायरीवरून उतरलो.

"हजर हाय! हजर हाय, गप बसा आता!"

ते रस्ता ओलांडून आले. दम लागला होता.

"कुठं चाललाव?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय न्हाय करायचं. हैद्राबादला जायचं तर जावा, बस हुबी हाय. पर सोमवारी ते दोगं गिरणीत जाणार, ते तुमी नसला तरी जाणार. तुमच्या वडलांला पैलं कुणी सांगायचं, त्यांनी का तुमी, तेवडं ठरवून जावा."

कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. बस गेली. मी तिथंच बॅगेवर बसून वडिलांना फोन लावला. मागं गिरणीचा आवाज होता. "लई महत्त्वाचं हाय" म्हटल्यावर त्यांनी गिरणी बंद केली. मग मी सगळं सांगितलं. कार्ड, नोकरी गेलेली, व्याज, शिव्या, सोमवारची धमकी, कोर्टाची नोटीस. शेवटी फ्रिजचं सांगितलं. तेच सगळ्यात अवघड गेलं. 

"तारीख कवा हाय?" वडिलांनी विचारलं. मी सांगितली. फोन ठेवला गेला.

मालक एवढा वेळ माझ्याकडं पाठ करून हायवे बघत उभे होते. काल बोललो त्याची माफी मागायचं माझ्या ओठांवर आलं, पण तोंड उघडलं नाही. आम्ही दोघं चालत घरी आलो. बॅग त्यांनी घेतली होती.

सोमवारी ते दोघं सास्तूरला गेलेच. आईनं नंतर फोनवर सांगितलं. वडिलांनी सकाळीच फ्रिज रिकामा करून गिरणीच्या दारात आणून ठेवला होता. दोघं आले तसे म्हणाले, "ह्यो घ्या. न्या." त्यांना फ्रिज नको होता, तमाशा हवा होता. दळायला आलेल्या बायांसमोर थोडं बडबडले आणि निघून गेले. "तुझा बाप तवापासून कुणाशी बोलंना झालाय," आई म्हणाली. माझ्याशी तर ते बोललेच नाहीत. पंधरा दिवसांत एक फोन नाही. ते तारखेला येणार की नाही तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

तारखेला आले. सास्तूरहून एसटीनं, धुतलेलं धोतर नेसून. तुळजापूरच्या कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता, टेबलं मांडली होती. वडिलांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि जाऊन मागच्या बाकावर बसले. मी मालकांची ओळखसुद्धा करून दिली नाही. कोणत्या तोंडानं देणार होतो? मालक माझ्या शेजारी उभे होते. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. त्यांच्या जुन्या कोर्टात ते कधी बसलेच नसावेत.

टेबलाशी एक निवृत्त न्यायाधीश, एक वकीलबाई आणि बँकेचा अधिकारी होता. बाजूला कागद बघणारा कारकून. बोलणी बरी चालली होती. व्याज बरंच सोडायला अधिकारी तयार झाला, मी महिन्याला किती भरू शकतो ते सांगितलं. तेवढ्यात कारकुनानं नोटिशीची स्थळप्रत वर काढली. मालकांबरोबर काम केलेला तो. सही बघून हसला.

"साहेब, ही तुमची सही? चुलता?" तो म्हणाला. "तुमी ह्यांचे चुलते कदीपासून झालाव?"

बँकेच्या अधिकाऱ्यानं मान वर केली. कागद ओढून घेतला, माझं आडनाव वाचलं, मालकांचं वाचलं. "म्हणजे नातं खोटं लिहिलंय? हे बघा साहेब, हा माणूस दोन वर्षं पत्ता लपवून फिरलाय. आता कागदावरही खोटं. याला हप्ते कशाच्या भरवशावर द्यायचे? एकरकमी भरायला सांगा."

एकरकमी माझ्याकडं काहीच नव्हतं. मी मालकांकडं बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आजूबाजूच्या टेबलांवरचे जुने ओळखीचे वळून बघत होते. त्यांनी हात शिवणीला लावले, मान सरळ केली.

"सदरहू नोंद," ते म्हणाले, आणि थांबले. "सदरहू नोंद म्या..."

मी बोलायला हवं होतं. आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव खोटी नोंद माझ्यासाठी होती आणि मी टेबलाच्या कडेकडं बघत बसलो होतो.

"लिवलंय ते बरुबर हाय."

मागच्या बाकावरून वडील उठून आले होते.

"आपण कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"म्या ह्याचा बाप." त्यांनी माझ्याकडं न बघता बोट माझ्याकडं केलं. पंधरा दिवसांत त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेले ते पहिले शब्द.

"आणि हे?"

"ह्ये माझे भाऊ हायती."

कारकुनानं वडिलांचं आडनाव वाचलं, मग पुन्हा मालकांचं. आमच्या भागात दोन आडनावं शेजारी ठेवली की काय काय कळतं ते कुणाला सांगावं लागत नाही. वकीलबाई खाली बघून काहीतरी लिहायला लागल्या. कारकुनाचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"भाऊ का?" तो म्हणाला. "थोरले का धाकले?"

वडील मालकांकडं वळले. त्यांनी त्या माणसाला पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि हळूच विचारलं, "वय काय हो तुमचं?"

मालक ताठ उभे होते. साक्षीला उभं राहिल्यासारखे म्हणाले, "बासष्ट पूर्ण."

"थोरले हायती," वडील कारकुनाला म्हणाले. "लिवा."